दिवा कोणी घालवायचा

फोन वाजला तेव्हा माझ्या डाव्या हातात एका आजोबांचा खालचा जबडा होता. गुलाबी मेणाचा, कवळीसाठी केलेला. त्यात दात ओळीने बसवून झाले होते आणि मी शेवटची दाढ तापल्या सुरीने मेणात टेकवत होते. अशा वेळी आम्ही फोन घेत नाही. दाढ केसभर सरकली तरी पुढे घास चावताना आजोबांच्या डोळ्यांतून पाणी काढते. पण नंबर शाळेचा होता. मी जबडा तसाच धरून फोन कान आणि खांद्यामध्ये दाबला.

वर्गशिक्षिका बोलत होत्या. त्यांनी आमच्या बुवाचं शाळेतलं नाव घेतलं आणि विचारलं, "आपण त्याच्या कोण?"

"घरूनच बोलतेय," मी म्हणाले. प्रश्न तो नव्हता हे मला कळत होतं. त्यांनाही कळलं असावं, पण त्यांनी सोडून दिलं.

"वर्गात झोपतो तो. पहिल्या तासाला पेंगतो, दुसऱ्या तासाला सरळ बाकावर डोकं. मुलगा गुणी आहे, म्हणून कुणी त्याला उठवतही नाही. काल शेजारच्या मुलाने त्याच्या डोक्याखाली स्वतःचं दप्तर सरकवलं. रात्री झोपतो किती वाजता?"

"असं ठरलेलं काही नाही."

"चौदा वर्षांच्या मुलाचं ठरलेलं असावं लागतं हो," बाई म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "कुणीतरी ठरवावं लागतं."

फोन ठेवून पाहिलं तर दाढ वाकडी बसली होती. ती काढून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

कुणीतरी म्हणजे कोण, हाच आमच्या घरातला घोळ होता. नवरा बस चालवतो आणि गावातली दिवसाची पहिली गाडी त्याची. भल्या पहाटे त्याला डेपोत हजर राहावं लागतं, त्यामुळे रात्री घरात सगळ्यात आधी झोपणारा माणूस तो. जेवून ताट उचलेपर्यंत त्याचे डोळे मिटत येतात आणि ठकीच्याही आधी तो घोरायला लागतो. ठकी म्हणजे आमची धाकटी, अडीच वर्षांची. तिला झोपवणं ही रोजची लढाई. पाणी हवं, बाहुलीला पाणी हवं, पायाला काहीतरी चावतंय. शेवटी मी दिवा घालवते आणि सांगते, "आता एक शब्द आला तर बघ." मग शब्द येत नाही. हुंदका येतो, आणि हुंदक्याच्या पाठोपाठ झोप.

बुवाला मात्र मी असं कधी काही सांगितलं नव्हतं. बुवा हे त्याच्या बाबांनी ठेवलेलं नाव; अगदी लहान असतानाही तो मांडी घालून तासन्‌तास एका जागी शांत बसायचा म्हणून. त्याची आई तो सात वर्षांचा असताना गेली. मी या घरात आले तेव्हा तो दहाचा होता. लग्नाच्या आधी मला भेटलेल्या प्रत्येक बाईने, ओळखीच्या आणि बिनओळखीच्या, एकच सल्ला दिला होता: जपून. त्या पुढे काही बोलत नसत, नुसत्या भुवया उंचावत. मीही जपूनच आले. पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर तो खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "मावशी, मी आता झोपू का?" मी म्हणाले, "तुला हवं तेव्हा झोप रे. इथे तुला कुणी काही म्हणणार नाही." केवढं मोठं मन दाखवलं आपण, असं मला तेव्हा वाटलं होतं.

तेव्हापासून मी शब्द पाळला. कधी आवाज चढवला नाही. त्याचा शर्ट ठकीच्या फ्रॉकच्या आधी इस्त्री व्हायचा. ठकी झोपली की मी त्याच्या खोलीशी जायची, दाराखाली उजेडाची रेघ दिसायची, मग दूध गरम करून, वर जाड साय घालून त्याला नेऊन द्यायची. तो उठून उभा राहून पेला घ्यायचा. "थँक्यू मावशी." मी म्हणायची, "जागतोस किती रे." तो नुसता हसायचा. तो दूध संपवेपर्यंत मी बाहेर बसून काहीतरी उसवलेलं शिवायची. मग पेला विसळून झोपायची. पापण्यांखाली वाळू घेऊन सकाळी दात बसवायला बसायची.

बाईंच्या फोनचं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सांगतो त्याला." आणि जेवता जेवता पेंगला. दुसऱ्या दिवशी त्याने बुवाला सांगायचं सोडून आपल्या बहिणीला सांगितलं.

रविवारी ताई आल्या. नवऱ्याची मोठी बहीण, आमच्या मुलांची आत्या. मुलींच्या वसतिगृहाच्या त्या प्रमुख आहेत आणि राहतातही तिथेच, आवारातल्या दोन खोल्यांच्या घरात. चप्पल काढायच्या आतच त्यांनी विषय काढला.

"साठ मुली माझ्या एका घंटेवर झोपतात. आणि तुम्हाला एक मुलगा झोपवता येईना?"

"झोपतो गं तो," नवरा म्हणाला. "चुकीच्या ठिकाणी झोपतो, एवढंच."

"विनोद करू नकोस. तू स्वतः नववीला दोनदा बसलास ते असंच." मग माझ्याकडे वळून, आवाज मऊ करून म्हणाल्या, "तुला बोलत नाही हं मी. तुझी अडचण मला कळते. तू काही बोललीस तर लोक नावं ठेवणार. म्हणून म्हणते, त्याला माझ्याकडे पाठव. शाळा माझ्याकडूनही एकच बस आहे. वेळेवर जेवण, वेळेवर घंटा. वर्षभरात सरळ होईल."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो स्वतःच्या हाताकडे पाहत होता. "शिस्त लागेल," तो हळू म्हणाला. "मी तर घरी असून नसल्यासारखा."

बुवा कोपऱ्यात बसून ठकीच्या बाहुलीचा निखळलेला हात खांद्यात बसवत होता. ताईंनी विचारलं, "काय रे, येशील ना माझ्याकडे?"

त्याने हात बसवला, फिरवून पाहिला, बाहुली ठकीला दिली.

"चालेल," तो म्हणाला.

तो नको म्हणेल असं मी धरून चालले होते. चार वर्षं तळहाताच्या फोडासारखं जपलेलं पोर, आणि त्याला इथून जायला एक बाहुली दुरुस्त करण्याइतकाही वेळ लागला नाही. पुढच्या रविवारी ताई बॅग घेऊन येणार असं ठरलं. मी चहा केला. चहात साखर घालायची राहिली, आणि तेही कुणी बोलून दाखवलं नाही. आमचं घरच तसं.

त्या आठवड्यात मी कामात गाढवासारख्या चुका केल्या. आमचा दवाखाना छोटा आहे. पुढे डॉक्टरीणबाईंची खुर्ची, मागे माझं टेबल, मधे अर्धी काच. मंगळवारी ते खालच्या जबड्याचे आजोबा तयार कवळी घालून बघायला आले. आयुष्यभर पोहण्याच्या तलावावर शिट्टी वाजवून मुलांना शिकवलेले. अजूनही कुणी जोरात चाललं तरी "धावू नका" म्हणतात. बाईंनी कवळी बसवली.

"कशी वाटते?"

"उत्तम. एक नंबर," आजोबा तोंड न हलवता म्हणाले.

"टोचतेय का कुठे?"

"छे छे."

बाईंनी त्यांच्या दातांमध्ये निळा कागद धरला आणि चावायला सांगितलं. या कागदाचं काम सोपं असतं: जिथे नीट बसतं तिथे फिकट ठिपके उमटतात, जिथे दाबतं तिथे गडद डाग पडतो. बाईंनी कवळी काढून काचेवरून माझ्याकडे दिली. मागच्या दाढेवर शाईची दौत सांडावी तसा निळा डाग होता. तीच दाढ. कवळीच्या टोकाखाली हिरडी लालभडक झाली असणार.

मी काचेपलीकडे गेले. "आजोबा, हे तर चांगलंच टोचत असणार."

ते ओशाळले. "तुम्ही एवढी मेहनत घेऊन केलीत. म्हटलं, घरी गेल्यावर काढून ठेवू. तुम्हाला कशाला वाईट वाटायला लावा."

"आणि जेवणार कसे?"

"पेज पितो की."

मी दाढ घासून दिली, पुन्हा कागद, पुन्हा घासणं, असं तीनदा. शेवटी आजोबांनी खरंच दात मिटले आणि त्यांचे खांदे खाली आले. जाताना रिकाम्या दालनात त्यांनी एक बारीक शिट्टी वाजवून पाहिली. रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. नवरा हसला. बुवाही हसला, मग त्याने विचारलं, "पण कागदाला कसं कळतं?"

"कागदाला लाजायचं कारण नसतं," नवरा म्हणाला आणि जांभई दिली.

बुधवारी ठकीला दिवसभर सर्दी होती. संध्याकाळी ती माझ्या अंगावरून उतरेना. तिला घेऊन आडवी झाले तेव्हा तिने माझी वेणी मुठीत घट्ट धरली, आणि वेणी सुटायची वाट पाहता पाहता माझाच डोळा लागला. तो उघडला तेव्हा खिडकीत उजाडत होतं.

इतकी झोप मला कित्येक महिन्यांत मिळाली नव्हती. अंग हलकं झालं होतं. आणि मग आठवलं: दूध. मी तशीच उठून बुवाच्या खोलीकडे गेले. त्याची खोली म्हणजे आमची जुनी गॅलरी, काचा लावून बंद केलेली. दार लोटलेलं होतं आणि खालून उजेडाची रेघ येत होती. सकाळी सहाला.

तो टेबलाशी खुर्चीत बसून झोपला होता. डोकं हातावर, तोंड थोडं उघडं. समोर पुस्तक नव्हतं, वही नव्हती. दप्तर भरून, चेन लावून दाराशी ठेवलेलं. टेबल पुसल्यासारखं स्वच्छ, आणि मधोमध पुठ्ठ्याचा एक चौकोनी तुकडा. पेल्याखाली ठेवतो तो.

"बुवा."

तो दचकून उठला. गालावर मनगटी घड्याळाचा ठसा उमटला होता. त्याने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"सकाळ झाली?"

"झाली. तू रात्रभर असाच बसलास?"

"बसलो नाही. लागली झोप." त्याने मान चोळली. "तू आली नाहीस. ठकीला ताप आला का?"

"नाही, मीच झोपले. पण अभ्यास किती वाजता संपला तुझा?"

"नऊला."

"मग आडवा का झाला नाहीस?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी विचारलं, पाय कशाला असतात. "तू दूध आणणार होतीस ना."

"अरे, तुझा दिवा चालू असतो म्हणून मी दूध आणते."

"तू दूध आणतेस म्हणून मी दिवा चालू ठेवतो."

खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी आली, थांबली, पुढे गेली. मी त्याच्या पलंगावर बसले. पलंगावरची चादर घडी न मोडलेली होती.

"रोज?"

"रोज."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यांदा तू लवकर आणायचीस. मग ठकी झाली. ती झोपेपर्यंत उशीर व्हायला लागला." त्यात तक्रार नव्हती, वेळापत्रक सांगावं तसं तो सांगत होता. "मागे एकदा मी झोपून गेलो होतो. सकाळी बघितलं तर पेला ओट्यावर तसाच. तू काही बोलली नाहीस. म्हटलं, वाईट वाटलं असेल."

मला तो पेला आठवतही नव्हता. त्या दुधाचं मी विरजण लावलं असणार, दुसरं काय.

"बुवा, तुला दूध आवडतं?"

"चालतं."

हे 'चालतं' आणि रविवारचं 'चालेल', दोन्ही एकाच सुरातलं होतं. शिट्टीवाल्या आजोबांचं 'एक नंबर'सुद्धा त्याच सुरातलं. मी टेबलावरचा पुठ्ठा उचलून त्याच्यासमोर धरला.

"हा निळा कागद आहे असं समज. चाव. कुठे टोचतंय ते सांग."

तो हसला, मग गंभीर झाला. शेवटी म्हणाला, "साय."

"साय?"

"नको वाटते. ओठाला चिकटते. डोळे मिटून गिळतो मी."

"अरे, तुझ्या बाबांच्या चहावर येऊ देत नाही मी ती. तुझ्यासाठी बाजूला काढते."

"माहितेय. म्हणून तर."

मला हसू यायला लागलं. आवरेना. चार वर्षं एका माणसाने साय साठवावी आणि दुसऱ्याने डोळे मिटून गिळावी. बुवाही हसायला लागला, आणि मग हसता हसता तोंडावर हात ठेवून थांबला, कारण पलीकडे ठकी झोपली होती. त्याला ते सुचलं, मला नाही.

"मग आत्याला 'चालेल' असं का म्हणालास?" मी विचारलं. मला वाटलं त्याहून आवाज बारीक निघाला. "खरं सांग. कागद अजून तोंडात आहे."

त्याने दप्तराच्या पट्ट्याशी चाळा केला. "तू फोनवर कुणाला तरी सांगत होतीस. झोप पुरी होत नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. म्हटलं, मी तिकडे गेलो की तू ठकीबरोबरच झोपशील." थोडं थांबून म्हणाला, "आणि तिकडे घंटा आहे. घंटा झाली की दिवा बंद. घंटेला वाईट वाटत नाही."

खिडकीकडे बघत तो पुढे बोलला. "ठकी जागी राहिली की तू दिवा घालवतेस. माझा कधी घालवला नाहीस."

म्हणजे माझं मोठं मन चार वर्षं त्याच्या खोलीत दिव्यासारखं जळत होतं, आणि त्याला झोपू देत नव्हतं. पाहुण्यांना आपण झोपा म्हणत नाही. उशी देतो, पाणी भरून ठेवतो आणि दार लोटून घेतो. मी तेच केलं होतं, रोज, सायीसकट.

मी उठले. पदर नव्हता, नाहीतर खोचला असता.

"आज रात्रीपासून साडेनऊ," मी म्हणाले.

"काय साडेनऊ?"

"झोपायचं. शाळा असेल त्याच्या आदल्या रात्री साडेनऊला दिवा बंद. दूध नाही, साय नाही, वाट बघणं नाही."

तो खुर्चीत सरळ झाला. "साडेनऊ? माझ्या वर्गातलं कुणीच साडेनऊला झोपत नाही."

"तुझ्या वर्गातलं कुणीच दुसऱ्या तासालाही झोपत नाही. तू सोडून."

"दहा."

"साडेनऊ."

"परीक्षा असेल तेव्हा?"

"तेव्हा तर नक्कीच साडेनऊ."

"शनिवारी?"

"शनिवारी हवं तितकं जाग. मला उठवू नकोस म्हणजे झालं."

"हे काही बरोबर नाही," बुवा म्हणाला. कपाळाला आठ्या, खालचा ओठ पुढे. हा ओठ मी आजवर फक्त ठकीचा पाहिला होता. "बाबांना विचारतो मी."

"विचार. जागे सापडले तर."

तो पाय आपटत तोंड धुवायला गेला. खरंच आपटत, कारण खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नंतर मला विचारलं की सकाळी काय पडलं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. काही पडलं असेल तर तो माझा जीव, भांड्यात.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याचा फोन आला. आवाजात कौतुक मावत नव्हतं. "अगं, पहाटे निघालो तेव्हा त्याचा दिवा चालू होता. म्हटलं, व्यत्यय नको, हळूच गेलो. पोरगं पहाटे उठून अभ्यास करायला लागलंय. मी कंडक्टरला सांगितलं, त्याने डेपोभर केलं."

मी त्याला सगळं सांगितलं. पलीकडे फक्त इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

"म्हणजे तो रात्रभर दुधासाठी बसला होता?"

"दुधासाठी नाही. माझ्यासाठी."

"मला वाटायचं, तू सांगत असशील त्याला झोपायला," तो म्हणाला.

"आणि मला वाटायचं, तू सांगशील."

"मी केव्हा सांगणार? मी तर झोपलेला असतो." मग जरा वेळाने, "साडेनऊ ना? ठीक आहे. मला विचारलं तर मीही साडेनऊच म्हणेन. आणि ऐक, डेपोत काय सांगू?"

"सांग, पोरगं सुधारलं."

त्या रात्री साडेनऊ वाजले तेव्हा मी त्याच्या दाराशी गेले. तो पलंगावर आडवा होता, छातीवर पुस्तक उभं.

"पाच मिनिटं. पान संपवतो."

"नाही."

"तीन."

"बुवा, आता एक शब्द आला तर बघ."

वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं की हे ठकीचं वाक्य आहे. त्याने पुस्तक मिटलं. मी भिंतीवरची बटणं चाचपली आणि एक दाबलं. पंखा थांबला. दुसरं दाबलं, काहीच झालं नाही. चार वर्षांत त्या खोलीचा दिवा मी एकदाही घालवला नव्हता; कुठलं बटण कशाचं ते मला ठाऊकच नव्हतं.

"सगळ्यात खालचं," अंधार व्हायच्या आधी बुवा म्हणाला. "आणि पंखा लाव परत. मारतेस का मला उकाड्याने."

मी खालचं बटण दाबलं. मग अंधारात पंखा लावला. बाहेर येऊन पाहिलं तर दाराखाली रेघ नव्हती. शिवायला काही काढलं नाही. गेले आणि ठकीशेजारी झोपले.

रविवारी ताई आल्या. बरोबर एक मोठी रिकामी बॅग. त्यांना मी फोन करून सांगायला हवं होतं, आणि तीन दिवस मी आज करू, उद्या करू करत राहिले होते. बुवाला पुन्हा एकदा विचारायची हिंमत होत नव्हती. साडेनऊचं त्याने ऐकलं होतं, शुक्रवारी शाळेत जागा होता असा बाईंचा निरोपही आला होता. पण ऐकणं वेगळं आणि राहणं वेगळं. पुठ्ठा समोर धरून माणूस खरं बोलतो, तरी ते आत्याच्या समोर बोलेलच असं नाही.

ताईंनी बॅग जमिनीवर ठेवली. ठकी लगेच आत जाऊन बसली.

"कपडे काढून ठेवलेत ना?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी कपबशा मांडायला लागले. बुवा टेबलाशी नकाशा रंगवत होता, आणि मान वर न करताच म्हणाला, "आत्या, तुझ्याकडे घंटा किती वाजता होते?"

"लहान मुलींची नऊला. तुझ्या वयाच्यांची दहाला."

रंगाची पेन्सिल थांबली. "दहाला?"

"दहाला. मोठ्या मुली त्याआधी झोपत नाहीत. मी काय जेलर आहे?"

"बघ," बुवा माझ्याकडे वळला. डोळे चमकत होते. "बघ मावशी. आत्याकडे दहा. साठ मुली. आणि तू मला ठकीसारखं साडेनऊला अंधारात टाकतेस. पानसुद्धा संपवू देत नाहीस."

"ते तुझ्या आत्याचं घर. या घरात साडेनऊ."

"पण का? दहाला काय होतं?"

"दुसऱ्या तासाला बाकावर डोकं येतं."

"ते तुझ्या दुधामुळे. आता दूध नाही. मग दहा. आत्याकडे सगळ्यांना दहा."

"मग जा आत्याकडे."

हे मी म्हणाले. हातात बशी होती, लक्ष चहाच्या उकळीकडे, आणि शब्द तोंडातून सुटून गेले. घराघरांत आया दिवसातून दहादा म्हणतात, ठकीला तर मी बोळातल्या मांजराकडेसुद्धा पाठवलेलं आहे. पण चार वर्षांत मी जे वाक्य स्वप्नातदेखील उच्चारलं नव्हतं ते नेमकं हेच. ताईंचा हात पदराशी थांबला. नवरा खुर्चीच्या कडेवर आला. मी वळले नाही. उकळी वर चढत होती आणि मला गॅस कमी करायचं सुचत नव्हतं.

"नाही जात," बुवा म्हणाला.

पेन्सिल पुन्हा चालू झाली. समुद्र रंगवत होता तो, लांब लांब रेघा.

"नाही जात, पण दहाच बरोबर आहे. निदान पावणेदहा. तू विचार कर. मी घाई करत नाही."

मी गॅस बंद केला. चहा थोडा उतू गेला होता. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बुवाकडे, मग भावाकडे. त्या वाकल्या, ठकीला काखेत धरून बॅगेतून बाहेर काढलं, बॅगेची चारदा घडी घालून पिशवीत कोंबली.

"साखर घाल गं या वेळी," त्या म्हणाल्या. "मागच्या रविवारी विसरली होतीस."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुला वाईट वाटेल."

नवरा आधी हसला. मग बुवा. ठकीला काही कळलं नाही, पण तीही हसली. मी चारही कपांत साखर घातली, ताईंच्या कपात जरा जास्तच.

"पावणेदहा," बुवा नकाशावर वाकूनच म्हणाला.

"साडेनऊ," मी म्हणाले, आणि चहा गाळला.